पन्हाळ्यापासून शुक्रापर्यंत: ग्रहाच्या हवेचं रेणुवस्तुमान कसं काढायचं

"सर, शुक्रावर तराजू घेऊन कोण गेलं होतं?"

वायूंचं प्रकरण शिकवायला घेतलं की वर्गातलं एखादं पोरगं हा प्रश्न टाकतंच, आणि मला तो फार आवडतो. पुस्तकातलं गणित ठरलेलं असतं: एका ग्रहावर तापमान इतकं, दाब इतका, हवेची घनता इतकी, तर वायूचं रेणुवस्तुमान, म्हणजे त्याच्या एका मोलचं (ठरावीक संख्येइतक्या रेणूंचं) वजन, काढा. सूत्रात आकडे टाकले की उत्तर येतं, दोन गुण पदरात पडतात आणि विषय संपतो. ते तीन आकडे कुठून आले आणि त्यातला एखादा चुकला तर उत्तराचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. खरी गंमत तिथेच आहे.

रेणुवस्तुमान काढायचे दोन रस्ते आहेत. एक, वायूचं ठरावीक आकारमान घेऊन त्याचं वजन करायचं. दोन, वर जाताना दाब किती झपाट्याने कमी होतो ते मोजायचं. दुसऱ्या रस्त्याला तराजू लागतच नाही. दोन्ही प्रयोग कोल्हापुरात एका रविवारी होतात, आणि ते हाताने केले की मंगळ-शुक्राची गणितं आपोआप कळायला लागतात. म्हणून आधी घरचं, मग ग्रहांचं.

सूत्र आणि एककं

आदर्श वायूचं समीकरण सगळ्यांना पाठ असतं: दाब गुणिले आकारमान म्हणजे मोल गुणिले वायुस्थिरांक गुणिले तापमान. मोल म्हणजे वस्तुमान भागिले रेणुवस्तुमान, आणि वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता. एवढी उलटापालट केली की हाती येतं:

रेणुवस्तुमान = घनता × वायुस्थिरांक × तापमान ÷ दाब

वायुस्थिरांक ८.३१४ घ्यायचा. मग घनता किलो प्रति घनमीटर, दाब पास्कलमध्ये आणि तापमान केल्विनमध्येच हवं. उत्तर किलो प्रति मोल येतं, त्याला हजाराने गुणलं की ग्रॅम. माझ्या वर्गातल्या निम्म्या चुका या एका ओळीत असतात: सेल्सिअस तसंच ठेवणं आणि हेक्टोपास्कलला शंभराने गुणायचं विसरणं.

आणखी एक. "एक मोल म्हणजे २२.४ लिटर" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. ते शून्य अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या दाबासाठी आहे. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे हवेचा दाब साधारण ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. २५ अंशाला कोल्हापुरातला एक मोल २६ लिटरचा भरतो.

पहिला प्रयोग: लायटरमधला वायू तोलणे

साहित्य: पानटपरीवर मिळतो तो पारदर्शक लायटर, २५० मिलिलिटरचं मोजपात्र, पाण्याने भरलेली बादली, थर्मामीटर आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. असा छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. गुजरीत ओळखीचा सराफ असेल तर त्याच्याकडचा आणखी बारीक काटा वापरता येतो, फक्त लायटर घेऊन दुकानात शिरण्याआधी कारण सांगा. वायू ज्वालाग्राही आहे, त्यामुळे प्रयोग उघड्या खिडकीपाशी करायचा, गॅस-उदबत्ती सगळं बंद. लायटरची ठिणगी पाडणारी चकती आधी काढून टाका.

लायटर आधी एकदा पाण्यात बुडवा, झटका, फडक्याने पुसा, पंख्याखाली तासभर ठेवा आणि मग वजन करा. हे उगाच वाटेल, पण प्रयोगानंतरही लायटर असाच ओला होऊन वाळणार आहे आणि नळीत थेंबभर पाणी अडकणारच. दोन्ही वजनं सारख्याच अवस्थेत घेतली की तो थेंब वजाबाकीत बराचसा उडतो. वाळवायला हेअर ड्रायर वापरू नका. लायटर तापवणं हा शहाणपणा नव्हे.

मग मोजपात्र पाण्याने काठोकाठ भरून बादलीत उलटं धरा, त्याच्या तोंडाखाली लायटर नेऊन खटका दाबा. बुडबुडे वर जाऊन वायू साठत जाईल. २५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत आला की थांबा. द्रवाचा वायू होताना तो गार पडतो, म्हणून पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या. पाण्याचं तापमान हेच वायूचं तापमान धरायचं. मग मोजपात्र वर-खाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करा आणि आकारमान वाचा. पातळी एक केली नाही तर आतला दाब बाहेरच्या दाबाइतका नसतो.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. लायटरचं वजन ०.५४ ग्रॅमने घटलं, वायू २५० मिलिलिटर, पाणी २५ अंश म्हणजे २९८ केल्विन. बाहेरचा दाब ९४९ हेक्टोपास्कल. पण मोजपात्रात निव्वळ लायटरचा वायू नाही, पाण्याची वाफही आहे, आणि २५ अंशाला तिचा दाब ३१.७ हेक्टोपास्कल असतो. तो वजा केल्यावर उरले ९१७ हेक्टोपास्कल, म्हणजे ९१,७०० पास्कल. मोल आले ९१,७०० × ०.०००२५ ÷ (८.३१४ × २९८) = ०.००९२५. वस्तुमान भागिले मोल: ०.५४ ÷ ०.००९२५ = ५८.४. ब्युटेनचं रेणुवस्तुमान ५८.१. काट्याची चूक एक शतांश ग्रॅमची असली तरी उत्तरात एक हलतो, त्यामुळे ५६ ते ६० मध्ये आलं तर खूश व्हा.

मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा मला ५४.६ आलं. दोन रविवार गळती शोधण्यात घालवले, लायटर बदलला, मोजपात्र बदललं, काट्यावर संशय घेतला. दोष माझाच होता. दाब मी फोनवरच्या हवामानाच्या पानावरून घेतला होता: १०१२ हेक्टोपास्कल. हवामानवाले जो दाब दाखवतात तो समुद्रसपाटीला आणून दाखवतात. नाहीतर मुंबई आणि महाबळेश्वर यांची तुलनाच करता येणार नाही. त्यांच्या कामाला ते बरोबर आहे, आपल्या कामाला नाही. आपल्याला जागेवरचा प्रत्यक्ष दाब हवा. तो फोनमधल्या बॅरोमीटरवर दिसतो. सगळ्या फोनमध्ये तो नसतो, त्यामुळे सेन्सर दाखवणारं एखादं ॲप टाकून बघा. काहीच नसेल तर पाणी उकळून बघा: कोल्हापुरात ते शंभरला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं.

घनता मोजणं जुनाट वाटेल, पण नीट मोजली तर ती काय उघड करते बघा. लॉर्ड रॅले यांनी नायट्रोजन दोन प्रकारे मिळवला, एक हवेतून आणि एक रासायनिक संयुगांतून. हवेतला भरला लिटरला १.२५७२ ग्रॅम, संयुगांतला १.२५०५. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी "प्रायोगिक चूक" म्हणून वही मिटली असती. रॅले आणि विल्यम रॅमसे यांनी पिच्छा सोडला नाही, आणि १८९४ मध्ये हवेत लपलेला ४० रेणुवस्तुमानाचा अरगॉन सापडला. १९०४ साली दोघांनाही नोबेल मिळालं, एकाला भौतिकीचं, एकाला रसायनाचं.

दुसरा प्रयोग: पन्हाळ्याचा चढ

लायटरमधला वायू हातात धरता येतो. ग्रहाची हवा येत नाही. तिथे दुसरा रस्ता.

घरात वाकळांची चळत रचलेली आठवा. सगळ्यात खालची पार दबलेली, वरची फुगलेली. खालच्या वाकळेवर वरच्या सगळ्यांचा भार असतो. हवेचंही तेच: प्रत्येक थर वरच्या थरांचा भार पेलतो, म्हणून खाली दाब जास्त, वर कमी. रेणू जड असतील तर चळत बुटकी होते आणि वर जाताना दाब झपाट्याने पडतो. रेणू हलके असतील, किंवा हवा तापलेली असेल, तर चळत उंच होते आणि दाब रेंगाळत कमी होतो. हा उतार मोजला की रेणूचं वजन कळतं:

रेणुवस्तुमान = वायुस्थिरांक × तापमान × लॉग(खालचा दाब ÷ वरचा दाब) ÷ (गुरुत्व त्वरण × उंचीतला फरक)

लॉग म्हणजे इथे नैसर्गिक लॉग. कॅल्क्युलेटरवर दोन बटणं असतात, त्यातलं 'एलएन' दाबायचं. गुरुत्व त्वरण आपल्या अक्षांशाला ९.७८ घ्या. पुस्तकातलं ९.८ घेतलं तरी आभाळ कोसळणार नाही.

एकच फोन घेऊन पन्हाळ्याच्या पायथ्याला वाचन घ्यायचं आणि वर गडावर घ्यायचं. ऐकायला सोपं आहे, पण यात तीन खड्डे आहेत आणि मी तिन्हीत पडलोय.

पहिला खड्डा उंचीचा. फोनवरचं एखादं ॲप "उंची इतके मीटर" असं झटकन दाखवतं. त्यातली बरीच ॲप्स ती उंची बॅरोमीटरच्या दाबावरूनच काढतात, आणि काढताना हवेचं रेणुवस्तुमान २९ धरून चालतात! म्हणजे २९ आत टाकायचं आणि २९ बाहेर काढून टाळ्या घ्यायच्या. पोरांचं उत्तर अगदी दशांशापर्यंत अचूक यायला लागलं तेव्हा मला शंका आली. उंची बॅरोमीटरशिवाय मिळायला हवी: भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरच्या समोच्च रेषांवरून, किंवा निव्वळ उपग्रहांवर चालणाऱ्या जीपीएसची पंधरा-वीस वाचनं घेऊन त्यांच्या सरासरीवरून. उंचीत दहा मीटरची चूक झाली आणि चढ ३२० मीटरचा असला, तर उत्तर तीन टक्क्यांनी बिघडतं, म्हणजे जवळजवळ एकाने.

दुसरा खड्डा वेळेचा. समुद्राला जशी भरती-ओहोटी असते तशी हवेच्या दाबालाही असते. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात दाब रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास चढलेला असतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. दिवसभरात दोन-तीन हेक्टोपास्कलचा फरक सहज पडतो. तुम्ही अकराला खाली वाचन घेतलं, वर जाऊन झुणका-भाकर खाल्ली आणि दोनला वरचं वाचन घेतलं, तर दाब गड चढल्यामुळे किती पडला आणि घड्याळामुळे किती, हे वेगळं करता येत नाही. उपाय दोन. एक तर सकाळी दहाच्या आसपास जा, तेव्हा दाब सगळ्यात जास्त असतो आणि तासाभरात फारसा हलत नाही. दुसरं, खाली-वर-खाली अशी तीन वाचनं घ्या आणि खालच्या दोन्हींची सरासरी वापरा. झुणका-भाकर नंतर.

तिसरा तापमानाचा. खिशातला फोन अंगाच्या उबेने तापतो, गाडीच्या टपावरचा उन्हाने. थर्मामीटर सावलीत, वाऱ्यावर धरा. खालच्या आणि वरच्या तापमानाची सरासरी घ्या. तीन अंशांची चूक म्हणजे उत्तरात एक टक्का.

बॅरोमीटरचं स्वतःचं वाचन मात्र फारसं त्रास देत नाही. फोनचा सेन्सर कधी एखादा हेक्टोपास्कल जास्त दाखवतो, पण खालीही तेवढाच जास्त आणि वरही तेवढाच. म्हणूनच फोन एकच हवा. खाली एकाचा आणि वर दुसऱ्याचा फोन वापरला की संपलं.

पुन्हा नमुन्याचे आकडे: खाली ९४९.२, वर ९१५.० हेक्टोपास्कल, उंचीतला फरक ३२० मीटर, सरासरी तापमान २९८ केल्विन. भागाकार १.०३७४, त्याचा नैसर्गिक लॉग ०.०३६७. आता ८.३१४ × २९८ × ०.०३६७ ÷ (९.७८ × ३२०) = ०.०२९०५ किलो, म्हणजे २९ ग्रॅम प्रति मोल. कोरड्या हवेचं खरं रेणुवस्तुमान २८.९७. तराजूला हात न लावता डोंगराने हवा तोलून दिली. नाद खुळा!

पावसाळ्यात हाच प्रयोग केला तर उत्तर किंचित कमी यायला हवं. पाण्याच्या रेणूचं वस्तुमान १८, तो हवेतल्या जड रेणूंची जागा घेतो. हवेत तीन टक्के वाफ असली तर सरासरी २८.६ वर येते. दमट हवा "जड" वाटते ती आपल्याला, बॅरोमीटरला नाही. हा फरक फोनच्या प्रयोगात पकडणं मात्र अवघड आहे. त्यासाठी जास्त उतार हवा. गगनबावड्याहून करूळ घाटाने खाली वैभववाडीकडे उतरलं तर पन्हाळ्यापेक्षा बराच मोठा फरक मिळतो आणि सगळ्याच चुकांचं प्रमाण घटतं. रस्ता चालू आहे का ते आधी बघा.

आता ग्रह

ग्रहांच्या बाबतीत हीच गोष्ट थोड्या वेगळ्या नावाने सांगतात. ज्या उंचीवर दाब सुमारे पावणेतीन पटीने घटतो तिला स्केल हाइट म्हणतात, आणि

रेणुवस्तुमान = वायुस्थिरांक × तापमान ÷ (गुरुत्व त्वरण × स्केल हाइट)

पृथ्वीची स्केल हाइट साडेआठ किलोमीटरच्या जवळपास आहे. पन्हाळ्यावर आपण तिचाच छोटासा तुकडा मोजला.

शुक्र दोन्ही रस्त्यांनी तपासता येतो, म्हणून तिथून सुरुवात करू. पृष्ठभागावर तापमान ७३७ केल्विन, दाब ९२ बार म्हणजे ९२ लाख पास्कल, घनता घनमीटरला सुमारे ६५ किलो. पहिल्या सूत्राने: ६५ × ८.३१४ × ७३७ ÷ ९२,००,००० = ०.०४३३, म्हणजे ४३.३ ग्रॅम. दुसऱ्याने: गुरुत्व ८.८७, स्केल हाइट १५.९ किलोमीटर, म्हणून ८.३१४ × ७३७ ÷ (८.८७ × १५,९००) = ०.०४३४. दोन वेगळ्या वाटांनी निघालो आणि एकाच चौकात भेटलो.

तराजू कोण घेऊन गेलं, याचं उत्तर इथे देऊन टाकतो: सोव्हिएत यानं. १९६७ साली व्हेनेरा ४ ने पॅराशूटने उतरता उतरता हवेची तपासणी केली आणि ती बहुतांश कार्बन डायऑक्साइड असल्याचं दाखवलं. डिसेंबर १९७० मध्ये व्हेनेरा ७ पृष्ठभागावर टेकून तिथून संदेश पाठवणारं पहिलं यान ठरलं. पॅराशूटने खाली येणारं यान म्हणजे उलटा पन्हाळा: दर क्षणाला दाब आणि तापमान नोंदत जायचं.

मंगळाचं सरासरी तापमान २१० केल्विन, गुरुत्व ३.७१, स्केल हाइट ११.१ किलोमीटर. उत्तर येतं ४२.४. प्रत्यक्षात ते ४३.३ च्या आसपास आहे. एवढी तफावत आहे कारण "सरासरी तापमान" ही मंगळावर फार ढिली गोष्ट आहे. दिवस-रात्रीत तिथे दहा-वीस नव्हे, त्याहून कितीतरी जास्त अंशांचा फरक पडतो.

मंगळाच्या बाबतीत न उतरताही काम झालं होतं. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ मंगळाच्या मागे गेलं तेव्हा त्याचे रेडिओ संदेश काही क्षण मंगळाच्या हवेतून वाकून आपल्याकडे आले. संदेश किती वाकला, यावरून हवा उंचीनुसार कशी विरळ होत जाते ते कळलं. तोवर मंगळावरचा दाब ८५ मिलिबारच्या (मिलिबार म्हणजेच हेक्टोपास्कल) आसपास असेल असा समज होता. निघाला पाच-सहा मिलिबार. मंगळावर उतरायच्या सगळ्या योजना त्या एका आकड्याने बदलल्या, कारण एवढ्या विरळ हवेत नुसतं पॅराशूट पुरत नाही.

या पद्धतीत एक मेख आहे. रेडिओ संदेश असो की ग्रहामागे जाणारा तारा, हाती लागते ती तापमान आणि रेणुवस्तुमान यांच्या भागाकाराची किंमत. गरम जड वायू आणि गार हलका वायू सारखेच दिसू शकतात. तापमान दुसरीकडून आणावं लागतं, आणि ते चुकलं की रेणुवस्तुमानही तेवढ्याच प्रमाणात चुकतं. १९५२ साली गुरू एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा विल्यम बॉम आणि आर्थर कोड यांनी तारा मावळताना त्याचा प्रकाश कसा मंदावतो ते मोजलं आणि रेणुवस्तुमान ३.३ काढलं. आज आपल्याला ते २.३ च्या आसपास असल्याचं माहीत आहे. तरी मिथेन १६ आणि अमोनिया १७ असताना उत्तर तीनच्या घरात आलं, एवढ्यावरून गुरू मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा आहे याला जोरदार पुष्टी मिळाली. आकडा ढिला होता, निष्कर्ष नाही.

गुरूचं गणित तुम्ही करायला घ्याल तेव्हा आणखी एक ठेच लागेल. एक बार दाबाच्या पातळीवर तापमान १६५ केल्विन, स्केल हाइट २७ किलोमीटर, गुरुत्व पुस्तकात २४.८. उत्तर येतं २.०५, म्हणजे जवळपास निव्वळ हायड्रोजन. हेलियम कुठे गेला? गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो. त्या वेगाने विषुववृत्तावर वस्तूंचं वजन घटतं आणि प्रत्यक्ष जाणवणारं गुरुत्व २३.१ इतकंच उरतं. ते घातलं की २.२ येतं आणि हेलियम परत सापडतो. पृथ्वीवर हा फरक नगण्य असल्यामुळे आपल्याला सवयच नसते.

शनीचा चंद्र टायटन मात्र सूत्रालाच वाकुल्या दाखवतो. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान तिथे उतरलं: तापमान ९३.६ केल्विन, दाब १,४६७ हेक्टोपास्कल. पृष्ठभागाजवळची घनता सुमारे ५.४ धरली तर पहिल्या सूत्राने २८.७ येतं. पण तिथली हवा म्हणजे ९४-९५ टक्के नायट्रोजन, ज्याचं वस्तुमान २८, आणि उरलेला बहुतेक मिथेन, १६. हलका वायू मिसळून सरासरी २८ च्या वर कशी जाईल? खरी सरासरी २७.४ आहे. इतक्या थंडीत नायट्रोजन द्रव होण्याच्या उंबरठ्यावर असतो. रेणू एकमेकांना ओढून धरतात आणि वायू आदर्श सूत्राच्या हिशेबापेक्षा तीन-चार टक्के जास्त दाट होतो. उत्तर शक्यच नाही असं आलं तर आधी एककं तपासा, मग आदर्श वायूचं गृहीतक.

आकड्यावरून नाव

४४ आलं म्हणजे कार्बन डायऑक्साइडच, असं नाही. नायट्रस ऑक्साइडही ४४ आणि प्रोपेनही ४४. २८ ला नायट्रोजन आहे, तसा कार्बन मोनॉक्साइड आणि एथिलीनही आहे. शिवाय आपण काढतो ती सरासरी. २९ रेणुवस्तुमानाचा कुठलाही मुख्य वायू आपल्या हवेत नाही, ते २८ आणि ३२ यांच्या मिश्रणातून येतं.

मिश्रणात कोणते दोन वायू आहेत हे वर्णपटावरून, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यात वायूंनी उमटवलेल्या खुणांवरून, ठाऊक असेल तर प्रमाण काढता येतं. शुक्राची सरासरी ४३.४, वायू ४४ आणि २८ चे. (४३.४ − २८) ÷ (४४ − २८) = ०.९६. म्हणजे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. यानांनी मोजलेलं प्रमाण ९६.५ आणि ३.५ आहे. पण सावध: सरासरीत एका टक्क्याची चूक झाली तर या प्रमाणात जवळजवळ तीन टक्क्यांची होते.

खात्रीचा निकाल वस्तुमान वर्णपटमापक देतो. तो रेणूंना विद्युतभार देऊन वस्तुमानानुसार वेगवेगळे करतो. आपल्या मंगळयानावर 'मेंका' नावाचा असा मापक होता, १ ते ३०० वस्तुमानापर्यंत मोजणारा. चांद्रयान १ मधून १४ नोव्हेंबर २००८ ला चंद्रावर आदळवलेल्या उपकरणावरही असाच एक होता. २८ चा घोळ हा मापक कसा सोडवतो ते बघण्यासारखं आहे. आत रेणू फुटतात. नायट्रोजन फुटला की १४ वर शिखर दिसतं, कार्बन मोनॉक्साइड फुटला की १२ वर. तुकड्यांवरून मूळ भांडं ओळखायचं.

मेंकाने मंगळावर मोजलेल्या नोंदींत सुमारे २७० किलोमीटरच्या वर कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुटा (एकेका अणूचा) ऑक्सिजन जास्त भरला. खाली ४४, वर १६! हे आपल्या वाकळांच्या चळतीत बसत नाही, आणि बसूही नये. खालच्या हवेत वारे सगळं घुसळत राहतात, म्हणून मिश्रण एकजीव असतं आणि एकच सरासरी चालते. एका उंचीनंतर घुसळण थांबते, मग प्रत्येक वायू आपापली स्केल हाइट पाळतो. जड लवकर संपतात, हलके वरपर्यंत टिकतात. पृथ्वीवर ही सीमा १०० किलोमीटरच्या आसपास आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं कोल्हापुरातलं एमएफ (मध्यम कंप्रतेच्या रेडिओलहरींचं) रडार बरोबर तिच्या खालच्या पट्ट्यातले, ऐंशी ते शंभर किलोमीटर दरम्यानचे वारे मोजत आलंय. तेव्हा कुणी तुम्हाला "ग्रहाचं रेणुवस्तुमान" विचारलं तर उलट विचारा, किती उंचीवरचं?

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचं थोडक्यात. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. हवा हलकी असेल तर चळत उंच, गाळणी रुंद आणि खुणा ठळक. जड असेल तर खुणा पुसट. पण उंचावर ढग असले तरी खुणा पुसटच होतात. जीजे १२१४ बी या ग्रहाच्या सपाट वर्णपटाने अनेक वर्षं याच पेचात ठेवलं, ढग की जड हवा. २०१४ साली हबल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांनी निदान उंचावर ढग आहेत एवढं पक्कं केलं.

सरावासाठी युरेनस घ्या: एक बार दाबाला ७६ केल्विन, गुरुत्व ८.७, स्केल हाइट २७.७ किलोमीटर. या सूत्रात किलोमीटर तसेच ठेवले तर उत्तर थेट ग्रॅममध्ये मिळतं. २.६ यायला हवं. गुरूपेक्षा ते थोडं जड आहे, कारण तिथे मिथेन जास्त आहे. उणे आलं तर तापमान सेल्सिअसमध्ये घातलंय.